विजयाचं तेल की मॉर्फिनची गोळी? घरात कॅन्सरचं दुखणं असेल तर

गांजाला औषध म्हणून परवानगी द्यावी का, हा वाद मी पूर्वी टीव्हीवर ऐकून सोडून द्यायचो. मग तो आईच्या उशाशी येऊन बसला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. ट्रामाडोल या दुखण्याच्या गोळीने भागेना तेव्हा समोर दोन वाटा होत्या. एका नात्यातल्या वैद्यांनी सुचवलेलं विजयाचं तेल, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क, आणि पुण्याच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे मोठ्या आजारातलं दुखणं सुसह्य करणाऱ्या, डॉक्टरांनी सांगितलेली मॉर्फिनची गोळी. सहा महिन्यांत दोन्ही वापरून झालं. ज्यांना आज हेच ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं, हे धरूनच वाचा.

आधी कायद्याची भीती बाजूला ठेवू, कारण आमचे पहिले पंधरा दिवस त्यातच गेले. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्याच झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याची राळ. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. या फटीतूनच पानांच्या अर्काचं तेल आयुर्वेदिक औषध म्हणून मिळतं. औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांगेचं नाव आहे, म्हणजे ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचंही बंधन आहे, म्हणून चिठ्ठी आणि बिल बाटलीसोबतच ठेवा. आम्ही ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं होतं.

तेलाबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. ते घरपोच आलं. आईने "आपलंच औषध आहे" म्हणून विनातक्रार घेतलं. केमोनंतरची मळमळ कमी झाली आणि कित्येक दिवसांनी तिने मागून वाटीभर मऊ भात खाल्ला. हे नुसतं आमच्या मनाचं समाधान नसावं, कारण केमोच्या उलट्यांसाठी टीएचसी या गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकावर आधारलेल्या गोळ्यांना अमेरिकेत १९८५ मध्येच मान्यता मिळाली आहे. झोपही बरी लागायची.

पण दुखण्याचं काय? माझं मन बदललं ते इथे.

रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातला दिवा लावून मी चमच्यात थेंब मोजायचो. बाटलीवर एकूण अर्क किती मिलिग्रॅम ते छापलेलं होतं. एका थेंबात टीएचसी किती, ते कुठेच नव्हतं. वैद्यांना विचारलं तर म्हणाले, दोन थेंबांपासून सुरू करा आणि सोसेल तसं वाढवा. पण तेल पोटात गेल्यावर परिणाम दिसायला दीड-दोन तास लागायचे. तोवर आई कण्हत असायची आणि मी ठरवू शकायचो नाही की आणखी थेंब द्यावेत की आधीचे चढायची वाट पाहावी. पहिली बाटली पाच थेंबांवर बसली होती. दुसरी त्याच कंपनीची, तेच लेबल, तेच पाच थेंब. त्या दिवशी दुपारी आई उठून बसली आणि वीस वर्षांपूर्वी गेलेल्या तिच्या बहिणीला हाका मारायला लागली. घाबरून माझा हात धरून ठेवला होता तिने. संध्याकाळपर्यंत उतरलं, पण ती दुपार मी विसरू शकत नाही. बाटली बदलली की औषध बदलतं, हे मला सहन झालं नाही. दुसऱ्या घरी कदाचित असं होणारही नाही. आमच्याकडे झालं.

मॉर्फिनचा त्रास वेगळा. आधी नावाचाच. काका म्हणाले, "आता शेवट आला का?" शेजारच्या वहिनींना वाटलं, अफूची सवय लावतोय आईला. मग मिळवण्याचा त्रास. साताऱ्यातल्या एकाही मेडिकलमध्ये गोळी नव्हती आणि दर पंधरा दिवसांनी पुण्याला जावं लागायचं. बद्धकोष्ठ तर ठरलेलं, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीपासूनच सुरू करा, थांबू नका. पहिले तीन-चार दिवस गुंगी राहते. किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

पण गोळी दहा मिलिग्रॅमची म्हणजे दहाचीच. पहिल्यांदा अर्धी दिली, दर चार तासांनी. अर्ध्या-पाऊण तासात आईच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. डॉक्टरांनी दुखणं दहापैकी किती असं विचारलं तेव्हा आईला ते जमेना. ती म्हणाली, "बारा आणे." डॉक्टरांनी कार्डावर तेच लिहिलं. मग मी वही केली: वेळ, गोळी, आणे. चौथ्या दिवशी सहा आण्यांवर आलं. आठव्या दिवशी तिने स्वतःहून सांगितलं, "आज चार आणे, आणि तेही कुशीवर वळले की." तिने अंगणात खुर्ची टाकायला सांगितली. दुखणं पुन्हा वाढलं तेव्हा किती वाढवायचं हे डॉक्टरांना फोनवर सांगता आलं, कारण आधी किती दिलं हे वहीत आकड्यात होतं. तेलाच्या दिवसांची वही करायचा प्रयत्न मी केला होता. त्यात थेंब मोजता आले, औषध मोजता आलं नाही.

अभ्यासही फार वेगळं सांगत नाहीत. मॉर्फिनसारखी औषधं घेऊनही दुखणाऱ्या कॅन्सर रुग्णांवर टीएचसी आणि सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) यांच्या तोंडात मारायच्या फवाऱ्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. दुखण्याच्या मुख्य कसोटीवर तो खोट्या औषधापेक्षा सरस ठरला नाही. उलट मुलांच्या काही दुर्मिळ, हट्टी झटक्यांसाठी शुद्ध सीबीडीच्या, मात्रा ठरलेल्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, कारण चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला. म्हणून गांजात औषध आहे, यावर माझा विश्वास आहे.

म्हणूनच परवानगीच्या वादात मी परवानगीच्या बाजूचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं. मतं २७ विरुद्ध २५ पडली आणि भारताने बाजूने मत दिलं. त्याच महिन्यात गोव्यात औषधी लागवडीच्या प्रस्तावावर गदारोळ झाला. पण नुसत्या परवानगीने भागत नाही, मॉर्फिनची गोष्ट पाहा. अफू आपल्याच देशात पिकते, सरकारी परवान्याने, आणि नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. मॉर्फिनवर औषध म्हणून कधीच बंदी नव्हती. तरी १९८५ च्या त्याच कायद्यानंतर परवान्यांचं जाळं असं पडलं की इस्पितळांनी ते ठेवणंच सोडलं. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला. तरी माझ्या गावातल्या मेडिकलमध्ये गोळी नव्हती. गांजाच्या औषधाला उद्या परवानगी मिळाली आणि थेंबात काय आहे हे छापण्याची सक्ती झाली नाही, तर दोन वाजता चमचा धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काहीच पडणार नाही.

तर तुमच्या घरात मळमळ, भूक, झोप हा मुख्य त्रास असेल, तर चांगल्या वैद्यांना धरून तेल करून पाहायला हरकत नसावी. मात्र केमोच्या डॉक्टरांपासून लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विशेषतः सांगा. वैद्यांना एकच प्रश्न विचारा: एका थेंबात टीएचसी किती, आणि ते लिहून मिळेल का? दुखणं बारा आण्यांच्या वर असेल, तर माझ्या मते वेळ न घालवता पॅलिएटिव्ह डॉक्टर गाठा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हा विभाग आहे, पुण्यात वारज्यातलं केंद्र आहे. मॉर्फिन म्हणजे शेवट, हे मनातून काढा. आमच्या आईला त्यानंतर चार महिने मिळाले आणि त्यातले बरेच अंगणात गेले.

ती गेल्यानंतर उरलेल्या गोळ्या मी पुण्याला नेऊन दिल्या. तिथल्या ताईंनी एकेक मोजून नोंदवहीत लिहिल्या, चौदा, आणि माझी सही घेतली. तेलाची अर्धी बाटली कुठे परत करायची, ते कुणालाच सांगता आलं नाही. ती अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे.