काका, होऊन जाईल!

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी नोटांचे ताव तपासण्यात. शाई केसभर सरकली तरी नजर अडायची. त्याच नजरेसमोर एका फोटोतले इंजिनावरचे आकडे उलटे होते आणि मला ते दिसले नाहीत. लाज वाटते, तरी लिहितोय, कारण छोट्या रेल्वेचा डोंगर बनवून देतो म्हणत मला फसवणारा माणूस अजून धंद्यात आहे.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आल्यापासून डोक्यात किडा होता. गच्चीवरच्या खोलीत आठ बाय चारच्या टेबलावर कसारा घाट करायचा. लहानपणी मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागायची, तो धक्का अजून पाठीला आठवतो. १८६५ मध्ये सुरू झालेला घाट, चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तोच चढ, वर इगतपुरीसारखं छोटं गाव, स्टेशन, पत्र्याची दुकानं, एक देऊळ. गाडी एचओ मापाची, म्हणजे खरीच्या सत्त्याऐंशीवा भाग, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. खालच्या फेरीचे रूळ मी टाकले, वायरिंग मुलानं केलं. डोंगराला मात्र माझा हात वळेना.

फेसबुकवर त्याची जाहिरात दिसली. हिरवे कडे, दगडी पूल, बोगद्यातून निघणारी गाडी, खाली ‘नाशिकमध्ये बनवलेले’. फोन केला. बोलणं एकदम गोड, पहिल्या वाक्यापासून काका. नाशिकच्याच अंबडला वर्कशॉप आहे म्हणाला. मी म्हटलं, चढ ३७ ला १ हवा. “होऊन जाईल काका.” वरची लाइन खालच्या लाइनवरून पुलानं न्यायची. “होऊन जाईल.” पत्रा गंजलेला दिसला पाहिजे. “त्याची काळजीच सोडा!”

इथेच थांबायला हवं होतं. एक लाइन दुसरीवरून न्यायची तर दहा सेंटिमीटर तरी उंची लागते. ३७ ला १ नं तेवढं चढायला पावणेचार मीटर रूळ हवेत, उतरायला तेवढेच. माझ्या टेबलाची अख्खी फेरी सहा मीटरही भरत नाही. हे काम केलेल्या माणसानं पहिल्याच फोनवर मला वेड्यात काढलं असतं. त्यानं ना वळणाची त्रिज्या विचारली, ना सर्वात लांब डबा केवढा, ना बोगद्यात गाडी घसरली तर हात घालायला जागा कुठे ठेवायची. विचारलं एवढंच, हिरवा रंग गडद हवा की फिका.

ठरले ४८,००० रुपये. आधी बुकिंगचे दहा हजार. मग ‘मटेरियल आलंय’ म्हणून पंधरा, नदीचं पाणी दाखवायच्या रेझिनचे आठ, टेम्पोचे पाच. दर वेळी रात्री नऊनंतर फोन, दर वेळी उद्या सकाळची घाई. बिल मागितलं की “एकदमच देतो ना काका.” ही म्हणाली, अहो, एकदा अंबडला जाऊन तरी या. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो.

दसऱ्यानंतर टेम्पो आला. चौघांनी डोंगर वर चढवला. सह्याद्री म्हटला की काळ्या पाषाणाचे आडवे थर, पायऱ्यापायऱ्यांचे कडे, सपाट माथे. हा निमुळता, टोकाला बर्फ! ठरल्याप्रमाणे दाट एक्सपीएस फोम हवा होता. तो कापला तर आतून एकसंध निघतो. मी कोपरा मोडला तर साबुदाण्यासारखे दाणे सांडले, म्हणजे साधं थर्माकोल. वर पीओपीचा थर, तो जिना चढतानाच तडकलेला. स्प्रेनं जिथे थर्माकोल विरघळलं होतं, तिथे खड्डे. तडकलेला पोपडा उचलला तर खाली सोनेरी चमकी, आणि शिखरातून निघालेली प्लास्टिकची नळी. नातवानं ओळखलं: “आजोबा, ही गंगा आहे!” कुठल्या तरी मंडळाच्या गणपतीमागचा कैलास होता तो. विसर्जनानंतर हिरवा रंग मारून माझ्या घरी आलेला.

बोगद्याची उंची बरोबर पाच सेंटिमीटर, तीही टेबलापासून मोजलेली. माझं इंजिनच तेवढं, शिवाय खाली रूळ आणि रुळांखालची कॉर्कची पट्टी. लांब डबा चोवीस सेंटिमीटरचा. वळणावर त्याचा मध्य आत येतो, टोकं बाहेर जातात, त्यामुळे बोगदा रुंदही लागतो. गाव म्हणजे खेळण्यातली घरं, एचओहून लहान अशा एन मापाची. एचओमधला माणूस जवळपास दोन सेंटिमीटरचा, आणि या घरांचं दार सव्वा सेंटिमीटरचं. स्टेशनमास्तर रांगत आत गेला तरच.

फोन केला. तो जराही चिडला नाही, त्यामुळे मीच ओशाळलो. “काका, पूर्ण रिफंड. क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.” यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, हे मी माझ्या मेहुण्याला शिकवलंय. तरी टाकला. ९,९९९ गेले. त्यानंतर फोन बंद.

मुलानं लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तासाभरात केल्यामुळे क्यूआरची रक्कम समोरच्या खात्यात रोखून धरली गेली, अजून परत आलेली नाही. बाकीच्या अडतीस हजारांसाठी पोलीस ठाण्यात गेलो, तर साहेब म्हणाले, काम वाईट झालं ही दिवाणी बाब. तेव्हा जाहिरातीतला फोटो आणि सुनेला सापडलेला त्याचा मूळ फोटो दाखवला. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. मग अर्ज घेतला. चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या नोंदी मी पुसल्या नव्हत्या, तेवढंच एक शहाणपण. अंबडच्या पत्त्यावर गेलो, गाळा बंद. शेजारचा वेल्डर म्हणाला, गणपतीपुरता दोन महिने भाड्यानं घेतला होता.

फोटोची भानगड सुनेनं काढली. इंटरनेटवर फोटो टाकून शोधला तर काहीच सापडेना. मग तिनं तो आरशासारखा उलटा केला आणि पुन्हा शोधला. परदेशातल्या कुणाचं तरी जुनं काम निघालं. शोधात सापडू नये म्हणून यानं डावं-उजवं फिरवलं होतं, आणि इंजिनाच्या नंबराकडे त्याचंही लक्ष गेलं नव्हतं.

परवा तीच जाहिरात नव्या नावानं दिसली, खाली ‘पुण्यात बनवलेले’. आकडे अजून उलटेच आहेत.