बडोद्यात प्लॅस्टिक सिमेंट: टॅमिया एक्स्ट्रा थिन, त्याचे पर्याय आणि फिनिशिंगचे सामान

नंदेसरीत एबीएस प्लॅस्टिक तयार होते, कोयलीत तेलशुद्धीकरण चालते, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ॲसिटोनची पिंपे दिसली तर कोणी वळूनही पाहत नाही. आणि तरीही स्केल मॉडेल जोडण्यासाठी लागणारी ४० मिलिलिटरची प्लॅस्टिक सिमेंटची बाटली बडोद्यातल्या कुठल्या दुकानाच्या फळीवर मला आजवर दिसलेली नाही. रावपुऱ्यापासून फत्तेगंजपर्यंत स्टेशनरीच्या कोणत्याही दुकानात विचारा, विक्रेता अदबीने फेविक्विकची नळी पुढे करतो आणि प्लॅस्टिक तर प्लॅस्टिकच, मग हे का चालत नाही, अशा चेहऱ्याने आपल्याकडे पाहतो. ते का चालत नाही, त्याऐवजी काय वापरावे आणि जोडणीनंतरचे लांबी (पुट्टी)-घासकाम-रंगकाम बडोद्याच्या बाजारातून कितपत भागते, याचे हे परीक्षण आहे. माझ्या टेबलावर सध्या १/७२ प्रमाणातले स्पिटफायर मार्क ६ आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळाले होते आणि उंचावर उडण्यासाठी पंखांची टोके लांबवलेली ही विमाने तिच्याकडे होती. मार्क ५ च्या किटवरून ते घडवायचे तर पंखांना नवी टोके जोडणे, फटी भरणे आणि घासणे या सगळ्यांचीच परीक्षा होते, म्हणून खाली जे लिहिले आहे ते बहुतांशी याच कामाच्या संदर्भात वाचावे.

प्रथम मुख्य वस्तू. किटचे भाग पॉलिस्टायरिनचे असतात. प्लॅस्टिक सिमेंट त्यांच्यामध्ये चिकट थर होऊन बसत नाही. ते दोन्ही कडा विरघळवते, मऊ झालेले प्लॅस्टिक एकमेकांत मिसळते, द्राव उडून जातो आणि मागे एकसंध सांधा उरतो. टॅमिया या जपानी कंपनीचे एक्स्ट्रा थिन हे या जातीचे सर्वांत परिचित सिमेंट असून त्यात मुख्यतः ॲसिटोन आणि ब्युटिल ॲसिटेट असते. त्यात राळ नसल्यामुळे ते पाण्यासारखे पातळ राहते आणि वापरण्याची पद्धतही त्यानुसार बदलते: दोन भाग आधी कोरडेच जुळवून धरायचे, झाकणाला जोडलेल्या ब्रशचे टोक फटीला नुसते लावायचे, आणि केशाकर्षणाने द्राव आपोआप सांध्याच्या लांबीभर धावत जातो. क्षणभर थांबून भाग एकमेकांवर हलके दाबले की मऊ प्लॅस्टिकची बारीक कड बाहेर येते. ती दुसऱ्या दिवशी घासून टाकली की बहुतेक ठिकाणी लांबी भरावीच लागत नाही. याच कंपनीच्या जाड, राळयुक्त सिमेंटमध्ये ही सोय नाही, मात्र मोठे भाग जुळवताना हात हलवायला वेळ हवा असेल तर तेच बरे पडते, कारण ते सावकाश सुकते.

उणिवा म्हणाव्यात तर दोन. झाकणाचा ब्रश बारीक असला तरी १/७२ च्या अँटेना किंवा चाकाच्या दांड्यांसाठी तो थोडा जाडच ठरतो, त्यामुळे अशा कामाला मी ०००० क्रमांकाचा जुना रंगाचा ब्रश वापरतो. दुसरी उणीव अशी, की जो द्राव फटीत धावतो तो फटीवर ठेवलेल्या बोटाखालीही धावतो आणि पंखावर आपल्या अंगठ्याचा कायमचा ठसा उमटवतो. भाग नेहमी सांध्यापासून दूर धरावेत. हलक्या हिरव्या झाकणाचा ‘क्विक सेटिंग’ प्रकारही मिळतो, पण बडोद्याच्या मे महिन्यात तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, खोलीचे तापमान चाळिशीला टेकलेले असते, आणि अशा वेळी द्राव फटीच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच अर्धा उडून गेलेला असतो. साध्या एक्स्ट्रा थिनमधले ब्युटिल ॲसिटेट त्याला पुरेसा दम देते.

मग ही बाटली मिळत का नाही? मुख्य कारण वाहतुकीचे आहे. ज्वालाग्राही द्रव असल्यामुळे ती हवाईमार्गाच्या साध्या पार्सलातून पाठवता येत नाही, टपालखातेही ज्वालाग्राही वस्तू स्वीकारत नाही, आणि स्प्रेच्या डब्यांचे तर विचारूच नये. दुसरे कारण आयातीचे. स्केल मॉडेलची किटे सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळण्यांच्या गटात मोडतात; त्या गटावरील शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन बंधनकारक झाले. सिमेंटवर हे शुल्क लागत नाही, हे खरे. पण सिमेंट विकतो तो किटे विकणाराच, आणि किटांचा साठा आटला की त्याच्याबरोबर सिमेंट, पातळक (थिनर) आणि डिकॅलचे, म्हणजे मॉडेलवर लावायच्या छापील चिन्हांचे, द्रावही आटतात. त्यामुळे मुंबई किंवा अन्य मोठ्या शहरातल्या छंद-साहित्याच्या विक्रेत्याकडून रस्तामार्गे मागवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

या मार्गाचे मूल्यमापन करायचे तर विक्रेत्याच्या किमतीपेक्षा त्याच्या बांधणीकडे अधिक पाहावे. एका विक्रेत्याकडून, ज्याचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, आलेल्या खोक्यात बाटली झाकणाशी सैल होती. निम्मा द्राव वाटेतच उडाला आणि सोबतच्या किटच्या एका फ्रेमवर (सुटे भाग जिला जोडून येतात त्या चौकटीवर) त्याने आपली छाप सोडली. दुसऱ्या एका विक्रेत्याने झाकणाभोवती टेप गुंडाळून, बाटली बंद पिशवीत घालून, वर उभी ठेवण्याची खूण करून पाठवली आणि ती थेंबभरही न सांडता पोचली. दोघांच्या किमतीत फार फरक नव्हता. ‘बाटली टेपने बंद करून, किटपासून वेगळी बांधावी’ एवढी सूचना मागणीबरोबर लिहून द्यावी, आणि शक्य तर उन्हाळ्याच्या तोंडाशी मागवण्याऐवजी दिवाळीनंतर मागवावे. एक बाटली नियमित काम करणाऱ्याला बराच काळ पुरते, पण झाकण उघडे राहिले तर तिचे आयुष्य एका दुपारचे.

स्थानिक पर्यायांकडे वळताना मी फेविक्विकचा निकाल आधी लावतो. तो सायनोॲक्रिलेट आहे. धातूचे किंवा राळेचे बारीक भाग बसवायला तो उपयुक्त आहे, परंतु पॉलिस्टायरिनच्या दोन कडा तो एकजीव करत नाही; सांधा ताठ आणि ठिसूळ राहतो, बाजूने धक्का लागला की काडकन सुटतो, आणि कॉकपिटच्या पारदर्शक छताजवळ त्याची वाफ पांढरा थर धरते. त्या छतासाठी उलट साधा पांढरा फेव्हिकॉल उत्तम, कारण तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि जास्त लागला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो. नळकामाचे पीव्हीसी सॉल्व्हंट सिमेंट कोणी सुचवले तर ऐकू नये. ते दाट, तारा सुटणारे आणि मॉडेलच्या प्रमाणात राक्षसी असते.

खरा मोह पडतो तो ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणाऱ्यांकडच्या ‘क्लोरोफॉर्म’चा. वास्तुरचनेचे विद्यार्थी आपली मॉडेले याच द्रावाने जोडतात, पाटीवाले तो छोट्या बाटलीत सहज देतात, आणि पॉलिस्टायरिन त्याने जोडले जाते यात शंका नाही. या नावाखाली कधी क्लोरोफॉर्म तर कधी डायक्लोरोमिथेन हाती येते. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या दुपारी ते बाटलीतच उकळीच्या टोकाला असते. ब्रशवरून फटीपर्यंत पोचते तोवर त्याची निम्मी वाफ नाकात गेलेली असते, आणि जे पोचते ते रिव्हेट आणि पॅनेलच्या रेषा पुसून टाकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसासाठी संभाव्य कर्करोगकारक ठरवलेले आहे. बंद खोलीत, विशेषतः घरातली मुले आसपास असताना, हा पर्याय मी बाद ठरवतो. पाटीवाला उघड्या दारात पंखा लावून काम करतो, आपण रात्री दिव्याखाली वाकून करतो.

प्रयोगशाळेला रसायने पुरवणाऱ्यांकडून ॲसिटोन आणि ब्युटिल ॲसिटेट वेगवेगळे घेऊन ते समप्रमाणात मिसळण्याचा मार्ग बडोद्यात अवघड नाही आणि परिणाम मूळ वस्तूच्या पुष्कळ जवळ जातो. अडचण मापाची आहे. रसायने अर्धा-अर्धा लिटरच्या बाटल्यांत येतात, आणि वर्षाला ४० मिलिलिटर लागणाऱ्या माणसाने स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत लिटरभर ज्वालाग्राही द्रव साठवणे मला पटत नाही. चार-पाच मॉडेलर मिळून घेणार असतील आणि एकाकडे गॅलरीबाहेरची सुरक्षित जागा असेल तर जरूर घ्यावे. रिकामी झालेली मूळ बाटली मात्र टाकू नये, कारण तिच्या झाकणातला ब्रश आणि घट्ट बसणारी आटी हीच तिची निम्मी किंमत आहे. नेलपॉलिश काढण्याचा द्राव या कामाचा नाही. त्यात तेल, सुगंध आणि पाणी असते.

पंखांची नवी टोके कापून घेण्यासाठी पांढरी प्लॅस्टिकची पट्टी लागते. ती आयात केलेली मिळाली नाही तर खाद्यपदार्थांच्या टाकाऊ डब्यांचा तळ पाहावा: त्रिकोणात ६ हा आकडा असेल तर ते पॉलिस्टायरिन आहे आणि सिमेंटने जोडले जाईल, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलिन, ते कोणत्याही सिमेंटने जोडले जात नाही. किटच्या फ्रेमचे तुकडे थोड्या एक्स्ट्रा थिनमध्ये विरघळवून ठेवले की फटी भरण्याचे जे दाट मिश्रण तयार होते, ते विकतच्या कुठल्याही लांबीपेक्षा मला सरस वाटते, कारण सुकल्यावर ते प्लॅस्टिकच असते आणि त्यावर पॅनेलची रेषा पुन्हा कोरता येते. फक्त ते सुकायला दोन-तीन दिवस द्यावेत. घाई केली तर घासल्यानंतर फट पुन्हा खाली बसते.

फिनिशिंगच्या सामानात बडोदे निराश करत नाही, किंबहुना इथे बाहेरून मागवण्याचा हट्ट मला अनाठायी वाटतो. मोटारींच्या रंगाच्या दुकानांत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, प्रायमर-सरफेसर, रबिंग कम्पाउंड आणि २००० नंबरपर्यंतचा वॉटर पेपर सुटा मिळतो. छंदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या छोट्या घासपट्ट्यांची किंमत पाहता एक पूर्ण ताव घेऊन तो आइसक्रीमच्या काड्यांवर चिकटवणे हेच शहाणपणाचे. ४०० ने सुरुवात, ८०० ने आकार, १५०० ने शेवट, सगळे पाण्यात भिजवून. एनसी पुट्टीबाबत मात्र सावधगिरी हवी. तिच्यातले थिनर पॉलिस्टायरिनला चावते, त्यामुळे ती जाड थापली तर खालचे प्लॅस्टिक सुरकुतते. शिवाय ती सुकताना आकसते. नखाएवढ्या पातळ थरांत, मधे पूर्ण सुकू देऊन भरली तर ती बारीक खड्ड्यांना अगदी योग्य आहे. मोटारीचा सरफेसर एअरब्रशने दुरून, धुक्यासारख्या कोरड्या थरांत मारावा. ओला थर मारला तर एनसी थिनर बारकावे खाऊन टाकते. पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, हा प्रकार पांढरट पडतो; जुलै-ऑगस्टमध्ये मी लॅकरचे काम सरळ बंद ठेवतो.

बारीक कानशी आणि हातात फिरवायचे छोटे ड्रिल घडियाळी पोळीच्या परिसरात, सोनारांच्या हत्यारांबरोबर चांगले मिळते. पॅनेलच्या रेषा कोरायला दातांच्या डॉक्टरांची जुनी टोकदार हत्यारे फारच उपयोगी. ओळखीच्या डॉक्टरकडे मागितली तर बहुधा फुकट मिळतात.

रंगांबद्दल थोडक्यात: टॅमियाचे ॲक्रिलिक रंग सिमेंटबरोबरच मागवावेत, पण त्यांचे खास थिनर मागवण्याची गरज नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ते काम करते आणि ते शहरातच मिळते. औषधांच्या दुकानातला सर्जिकल स्पिरिट त्याऐवजी घेऊ नये. ललितकला विद्याशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी सामान ठेवणाऱ्या दुकानांत ब्रश आणि ॲक्रिलिकचा मॅट वॉर्निश दोन्ही मिळतात, आणि तो वॉर्निश पाण्याने पातळ करून एअरब्रशने मारला तर विमानावरची अनावश्यक चकाकी नीट मरते. कॅनव्हाससाठी बनवलेले जाड रंग मात्र या प्रमाणात बसत नाहीत, पॅनेलच्या रेषा बुजवतात.

ज्या एका गोष्टीला मला स्थानिक तोड सापडलेली नाही ती म्हणजे डिकॅल मऊ करणारा द्राव. मायक्रो सोलच्या जागी पांढरे व्हिनेगर चालते, असे सांगतात. सपाट पंखावर ते खरेही आहे, पण फुगवट्यांवर आणि खोल रेषांवर ते कमी पडते, आणि स्क्वाड्रनची अक्षरे नेमकी धडाच्या गोलाईवर येतात. त्यामुळे सिमेंटच्या खोक्यात मी मायक्रो सोलची एक बाटली नेहमी जोडून मागवतो. तो द्राव पाण्यावर आधारित असल्याने तिच्या वाहतुकीला कोणी हरकत घेत नाही आणि रस्तामार्गाचे भाडेही वेगळे पडत नाही.