गव्हर्नर आवडतो, पण सिनेटवर पाठवावा का?

अमेरिकेत मेरीलँडला राहणाऱ्या मावसभावाचा २०२४च्या सिनेट (संसदेचं वरचं सभागृह) निवडणुकीतला घोळ: उमेदवार असलेला माजी गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला कारभारी) लॅरी हॉगन माणूस म्हणून पटतो, पक्ष पटत नाही. म्हणून त्यांच्याशेजारी मेन राज्याचे सिनेटर अँगस किंग ठेवून पाहिले.

बाणा दोघांचाही ताठ. हॉगन रिपब्लिकन, पण २०२०मध्ये ट्रम्प यांना मत न देता मतपत्रिकेवर रोनाल्ड रेगन यांचं नाव लिहिलं, तेही रेगन जाऊन सोळा वर्षं झाल्यावर! किंग १९९५ ते २००३ गव्हर्नर, दोन्ही वेळा अपक्ष.

खरी मेख सिनेटमध्ये आहे. गव्हर्नर एकट्याच्या सहीने विधेयक अडवू शकतो. सिनेटर शंभरांतला एक, आणि समित्यांची अध्यक्षपदं बहुमत कुणाचं यावर ठरतात. हॉगन कितीही स्वतंत्र वागले असते तरी जागा रिपब्लिकनांच्या खात्यात गेली असती. निवडून आल्या डेमोक्रॅट अँजेला ऑल्सोब्रूक्स. किंगही बसतात डेमोक्रॅटांसोबतच, तेव्हा ‘अपक्ष’ शब्दाला फार भुलू नये.

निवडून येणं? किंग सिनेटवर २०१२पासून तीनदा.

राज्याचा कारभार चालवायचा असेल तर हॉगन उत्तम. सिनेटचं बहुमत महत्त्वाचं वाटत असेल तर आधी पक्ष बघा. पक्षाच्या चिन्हाला न बांधलेला माणूसच हवा असेल तर किंग.