वर्ड, व्हीएस कोड, लेटेक की ईमॅक्स? बेळगावात तांत्रिक मॅन्युअल लिहिणाऱ्यांसाठी

उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यात मॅन्युअल लिहिणाऱ्याला पुण्या-मुंबईकडच्यांना सहसा न पडणारा एक प्रश्न पडतो. हायड्रॉलिक सिलिंडरचं मेंटेनन्स मॅन्युअल ग्राहकाला इंग्रजीत हवं, मशीनवरच्या सूचना कन्नडमध्ये हव्यात आणि मशीन चालवणाऱ्या बऱ्याच कामगारांना मराठी सोयीची. एका फाइलीत तीन लिप्या. म्हणून एडिटर, म्हणजे लिहायचं सॉफ्टवेअर, निवडताना मी दोनच गोष्टी आधी बघतो: तिन्ही लिप्या शाबूत राहतात का, आणि माझ्यानंतर ही फाइल कोण उघडणार.

जुना मजकूर बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक अक्षर-संकेतात, आणा. तसला मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला की नुसता रोमन अक्षरांचा गुंता दिसतो. मग कुठलाही एडिटर घ्या, उपयोग नाही.

वर्डचा मोठा गुण म्हणजे तो समोरच्याकडे असतोच. क्वालिटीवाले, ग्राहक, छपाईवाला, सगळे तीच फाइल उघडतात. पण अक्षर ठळक आणि मोठं केलं म्हणजे हेडिंग होत नाही. हेडिंगची स्टाइल लावा, मग अनुक्रमणिका आपोआप निघते. क्रॉस-रेफरन्स घातले असतील तर फाइल पाठवण्याआधी कंट्रोल-ए आणि एफ९ दाबून ते ताजे करून घ्या. नाहीतर ‘तक्ता ४ पाहा’ वाचून फिटर भलत्याच टॉर्कच्या तक्त्यावर जातो आणि बोल्ट चुकीचा आवळला जातो. लिबरऑफिस फुकट आहे आणि जवळपास हे सगळं करतं. फक्त स्टाइलमध्ये मराठी-कन्नडचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो, आणि गुंतागुंतीचे तक्ते वर्डमध्ये उघडल्यावर कधी कधी हलतात.

मॅन्युअल दर काही महिन्यांनी सुधारावं लागत असेल, तर माझा कौल व्हीएस कोड या प्रोग्रामरांच्या एडिटरला. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्टमध्येच हेडिंग-यादीच्या खुणा टाकून, लिहायचा आणि पॅन्डॉक या फाइलीचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामने त्याच फाइलीतून वर्ड, पीडीएफ, वेबपान काढायचं. कंपनीच्या ठरावीक स्टाइलची एक नमुना वर्ड फाइल पॅन्डॉकला दिली, की हेडिंगं त्याच साच्यात येतात. सोबत प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट ठेवलं तर खरा फायदा कळतो: टॉर्क १२० न्यूटन-मीटरचा १४० कुणी केला, कधी केला, हे ओळ दाखवून सांगता येतं. ऑडिटच्या वेळी याचं मोल फार. उणीव एकच, पण मोठी: दोन-तीन घरं एकत्र केलेले तक्ते मार्कडाउनमध्ये नीट जमत नाहीत. तपासणीचे असले तक्ते भरपूर असतील तर वर्डच बरा.

लेटेक, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं जुळवायची पद्धत, गणितासाठी. व्हीटीयूचे (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे) एम.टेक., पीएच.डी.वाले समीकरणांनी भरलेला प्रबंध लिहीत असतील तर दुसरीकडे बघू नये. लेटेकमधून पीडीएफ काढणारे प्रोग्राम वेगवेगळे आहेत. मराठी-कन्नडसाठी मात्र पीडीएफलेटेक नको, झीलेटेक किंवा लुआलेटेक निवडा. ओव्हरलीफ या ब्राउझरमध्ये लेटेक चालवणाऱ्या साइटवर ते सेटिंगमध्ये बदलता येतं. आणि गाइडसरांना तपासायला वर्ड फाइल लागते का, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आता विम आणि ईमॅक्स, कीबोर्डवरच्या आज्ञांनी चालणारे दोन टेक्स्ट एडिटर. विमचा वेग खराच, पण मराठी लिहिणाऱ्याला तो सारखा अडखळवतो. विममध्ये साधी अक्षरंच आज्ञा असतात. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड, चालू असताना ‘जे’ दाबलं तर र येतो आणि ‘डी’ दाबलं तर पाय मोडायचं चिन्ह. म्हणजे ओळ खाली जायची किंवा खोडायची आज्ञा एडिटरपर्यंत पोचतच नाही. दर वेळी कीबोर्ड बदला, आज्ञा द्या, परत बदला. त्यात विम जिथे चालतो त्या बऱ्याच टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जोडाक्षरं फुटलेली दिसतात. ईमॅक्समध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींची इनपुट पद्धत आतच आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की लिपी बदलते, आज्ञा मात्र इंग्रजी कळांवरच राहतात. दिवसभर तिन्ही भाषांत लिहिणाऱ्याने तो शिकायला वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. महिन्यातून एखादं पत्रक काढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

अजून ठरत नसेल तर आपल्याच मॅन्युअलचं एक पान घ्या: तीन लिप्यांचा एक परिच्छेद, एक तक्ता, दोन क्रॉस-रेफरन्स. ते वर्डमध्ये करा, मार्कडाउनमधूनही काढा, आणि दोन्ही फाइली ज्यांच्याकडे शेवटी जाणार आहेत त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा.