मलेशियन हिप हॉप आणि वर्गणीचे संगीत अ‍ॅप : काही महिन्यांच्या वापरानंतर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मी मलेशियन हिप हॉप ऐकत आलो आहे. आधी कॅसेट, मग सीडी, मग हार्ड डिस्कवर साठवलेल्या फाइल्स असे सगळे करून झाले. वर्गणी भरून ऐकायचे अ‍ॅप मात्र बऱ्याच टाळाटाळीनंतर या वर्षीच घेतले. मी क्वालालंपूरला लागून असलेल्या पेतालिंग जयात राहतो आणि माझे खातेही मलेशियातलेच आहे, त्यामुळे गाणे आपल्या देशात उपलब्ध नाही ही परदेशस्थ रसिकांची नेहमीची अडचण मला आली नाही. अ‍ॅपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मित्रांच्या फोनवरच्या दुसऱ्या अ‍ॅपांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसले.

प्रथम जमेची बाजू. नवीन गाण्यांच्या बाबतीत अ‍ॅपला नाव ठेवायला जागा नाही. साबाह राज्यातल्या के-क्लिक या रॅप गटाचे किंवा रॅपर झमायराचे नवे गाणे आले की ते शुक्रवारी सकाळी यादीत हजर असते. गाणी उतरवून ठेवण्याची सोय भरवशाची आहे. केलाना जया मार्गावरची एलआरटी (शहरातली हलकी रेल्वे) मस्जिद जामेक स्थानकाच्या अलीकडे भुयारात शिरते तेव्हा नेटवर्क डळमळते, पण उतरवलेले गाणे एकदाही अडखळले नाही. चार मिनिटांचे गाणे ३२० केबीपीएसच्या दाबलेल्या दर्जात जवळपास १० एमबी जागा घेते आणि सीडीच्या तोडीच्या दर्जात साधारण २५ ते ३० एमबी. बसमध्ये किंवा गाडीत हा फरक कळत नाही. घरी चांगल्या हेडफोनवर डीजे फझचे स्क्रॅचिंग (तबकडी हाताने पुढे-मागे घासून काढलेला आवाज) ऐकताना मात्र कळतो. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय मी बंद ठेवली आहे. ती चालू असली की जुने, मोकळ्या आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि हल्लीचे ठासून भरलेले ध्वनिमुद्रण यांच्या आवाजाच्या पातळीतला फरक कानाला जाणवत नाही.

आता मूळ तक्रार, आणि ती जरा सविस्तर सांगावी लागेल. हे अ‍ॅप संगीताची विभागणी भाषेनुसार करते आणि मलेशियन हिप हॉप पहिल्यापासून भाषेच्या कप्प्यात मावलेले नाही. पोएटिक अ‍ॅमोचा १९९८ चा पहिला अल्बम घ्या. योगी बी, पॉइंट ब्लँक, सी. लोको आणि लँड स्लाइड या गटातल्या चौघांनी त्यात इंग्रजीबरोबर मलय, तमिळ आणि कँटोनीज भाषांतही रॅप केले, आणि त्या काळी क्वालालंपूरच्या पोरांना त्यात काही वावगे वाटले नाही, कारण त्यांच्या शाळेच्या मैदानावर याच भाषा एकमेकींत मिसळून बोलल्या जात होत्या. अशा अल्बमचे काय करावे हे अ‍ॅपला उमगत नाही. त्यातले इंग्रजी गाणे संपले की ऑटोप्ले, म्हणजे आपोआप पुढचे गाणे लावणारी सोय, थेट अमेरिकेला जातो. तमिळ गाणे संपले की चेन्नईच्या चित्रपटगीतांचा सप्ताह सुरू होतो. योगी बी आणि नचत्र यांचा २००६ चा अल्बम ‘वल्लवन’ हा तर मलेशियन तमिळ हिप हॉपमधला मैलाचा दगड, पण तो ऐकल्यावर अ‍ॅपने मला एकही मलेशियन रॅपर सुचवला नाही. मुआरचा रॅपर नेमवी मँडरीन पॉपच्या रांगेत बसलेला असतो. टू फॅट या रॅपर जोडीनंतर जे लागते त्यात निम्मे इंडोनेशियन असते.

हा दोष एकट्या अ‍ॅपच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. इथल्या रेडिओनेही श्रोत्यांची अशीच वाटणी केलेली आहे : मलय गाण्यांसाठी एरा, तमिळसाठी रागा, चिनीसाठी माय, इंग्रजीसाठी हिट्झ, आणि या चारही वाहिन्या एकाच ॲस्ट्रो समूहाच्या. अ‍ॅपने ती वाटणी जशीच्या तशी उचलली आणि वर ‘खास तुमच्यासाठी’ अशी पाटी लावली, एवढेच.

याला एक सुखद अपवाद आढळला. टू फॅटमधल्या मलिकने ज्येष्ठ गायक-संगीतकार एम. नासिर यांच्यासोबत केलेले ‘मंतेरा बेरादू’ संपल्यावर अ‍ॅप एम. नासिर यांच्या जुन्या गाण्यांकडे वळले, आणि ते अगदी योग्य होते; त्या गाण्यातला रॅप जुन्या मलय शब्दकळेवर आणि पंतून या पारंपरिक मलय काव्यप्रकाराच्या यमकांवर उभा आहे, तेव्हा त्याचे नातेवाईक अमेरिकेतल्या अटलांटात शोधण्यापेक्षा इथेच शोधलेले बरे.

जुन्या अल्बमांच्या नोंदी हा दुसरा कच्चा दुवा. जो अल्बम नंतर कधीतरी डिजिटल स्वरूपात चढवला गेला, त्यावर पुष्कळदा चढवल्याचेच वर्ष दिसते, त्यामुळे टू फॅटचा १९९९ चा पहिला अल्बम आणि तेह तारिक क्रू या गटाचा २००२ चा पहिला अल्बम यांचा क्रम स्वतःला ठाऊक असेल तरच लागतो. नामसाधर्म्याचा गोंधळ वेगळाच. ‘तेमान पेंगांती’ हे मलिकसोबतचे गाणे गाणाऱ्या मलेशियन गायक ब्लॅकच्या पानावर त्याच नावाच्या ब्रिटिश गायकाची ऐंशीच्या दशकातली गाणी बरेच दिवस ठाण मांडून होती. मी कळवल्यावर ती हलली, पण कळवण्याचा अर्ज शोधण्यातच माझा निम्मा उत्साह संपला.

गाण्यासोबत सरकणारे शब्द ही सोय मला फार आवडते, कारण माझी मलय भाषा बाजारहाटापुरती ठीक असली तरी जलद रॅपमध्ये मागे पडते. प्रमाण मलयमधल्या गाण्यांना हे शब्द बहुधा बिनचूक असतात. रेंबाऊचा रॅपर वारिस नगरी सेंबिलान राज्याच्या बोलीत रॅप करू लागला की मात्र काही ओळी गायब होतात आणि काही कोणीतरी परस्पर प्रमाण भाषेत दुरुस्त करून टाकलेल्या असतात. त्याचे गायक हत्तानसोबतचे ‘गादिस जोलोबू’ ऐकताना मी आता शब्दांचा पडदा बंदच करतो.

शिवाय मलेशियन हिप हॉपचा मोठा भाग अल्बमांबाहेर जगतो. रॅपर जो फ्लिझोच्या ‘१६ बारिस’ या यूट्यूब मालिकेत पाळीपाळीने माइकसमोर येणारे रॅपर पाहिल्याशिवाय गेल्या काही वर्षांतली नवी फळी कळणार नाही, आणि ते सगळे अ‍ॅपमध्ये नाही. जो फ्लिझो आणि सोनावन यांच्या ‘आपा खबर’ने २९ व्या ‘अनुगेरह जुआरा लागू’ या मलेशियन गीतस्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला, ते गाणे अ‍ॅपमध्ये सहज सापडते. त्या यशापर्यंतची वाट ज्यांनी तुडवली त्यांना शोधावे लागते.

वर्गणी मी चालू ठेवली आहे, कारण महिन्याला वीस रिंगिटच्या आत मिळणारी ही सोय महाग म्हणता येत नाही. नव्याने ऐकू पाहणाऱ्यांनी ऑटोप्ले बंद करावा, कलाकाराच्या पानावरची ‘यांच्याही गाण्यांत सहभाग’ ही यादी उघडावी आणि एका रॅपरवरून दुसऱ्यावर तसेच जात राहावे. त्या यादीला भाषेची अट नाही, म्हणून मलय, तमिळ आणि इंग्रजी रॅपर तिथे शेजारी-शेजारी भेटतात. जुन्या सीडी मात्र इतक्यात विकू नयेत. त्यांच्या पुस्तिकांत निर्मात्यांची आणि डीजेंची जी नावे छापलेली आहेत, त्यांतली निम्मी तरी अ‍ॅपमध्ये अजून आलेली नाहीत.