किलोमीटर चोख, तासांचं काही खरं नाही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन विमानतळ टाकले की मधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणारं एक मोफत अ‍ॅप आठ महिने वापरतोय. दर आठवड्याला ऑफिसमधल्या कुणाच्या ना कुणाच्या प्रवासाचं वेळापत्रक माझ्या गळ्यात असतं. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तसली आणखी तीन-चार बघितली आणि सगळी एकाच माळेची निघाली.

अंतराबद्दल तक्रार नाही. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके सुमारे ५,५४० किमी दाखवतं, ते बरोबर आहे. हे गोल पृथ्वीवरचं सर्वांत जवळचं अंतर. म्हणून नकाशावरची रेघ उत्तरेकडे फुगलेली दिसते. मला आधी ती चूकच वाटली. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघितला तेव्हा पटलं. काही अ‍ॅप्स पृथ्वी चेंडूसारखी धरतात, काही ध्रुवांपाशी चपटी, पण त्याने फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो.

वेळेची गोष्ट निराळी. याच मार्गावर जातानाही ७ तास २३ मिनिटं आणि येतानाही तितकीच. तिथे शंका आली. पंधरा-वीस जोड्या घेऊन उलटी आकडेमोड केली तर सगळं गुपित एका ओळीचं निघालं: अंतर भागिले ताशी ८०५ किमी, म्हणजे ५०० मैल, अधिक अर्धा तास. वाऱ्याचा पत्ताच नाही! उत्तर अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. त्यामुळे लंडनहून न्यूयॉर्कला जायला उलट दिशेपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं.

माझी फजिती झाली ती हेलसिंकी-टोकियोला. अंतर साधारण ७,८०० किमी, अ‍ॅपच्या हिशेबाने सव्वादहा तास. तिकीट काढायच्या आधीच मी त्या भरवशावर साहेबांची बैठक ठरवून मोकळा झालो. पण २०२२ पासून बहुतेक युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. विमानं वळसा घालतात, काही तर उत्तर ध्रुवाकडून जातात, आणि प्रवास तेरा तासांच्या आसपास जातो. बैठक पुढे ढकलली. बोलणी कुणी खाल्ली ते सांगायला नको.

आता अ‍ॅपमधून फक्त अंतर घेतो. वेळ त्या मार्गाच्या चालू वेळापत्रकातून, दोन्ही दिशांचा वेगवेगळा. त्यात गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ धरलेला असतो, धावपट्टीपर्यंतची रांगसुद्धा. मात्र सुटण्याची आणि पोचण्याची वेळ आपापल्या गावची असते, तेव्हा थेट वजाबाकी करू नका. दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगभरच्या एकाच प्रमाण वेळेत आणा, मग करा.

शहराचं नाव टाकतानाही जपून. एकदा नुसतं ‘सिडनी’ टाकलं तर अ‍ॅपने कॅनडातली सिडनी उचलली. तेव्हापासून तीन अक्षरी कोडच टाकतो: ऑस्ट्रेलियासाठी एसवायडी, कॅनडासाठी वायक्यूवाय. आणि सेटिंगमध्ये एकक बघून घ्या. माझ्याकडे अपडेटनंतर ते आपोआप नॉटिकल मैलांवर गेलं होतं, आणि आठवडाभर मी १.८५२ किमीचा मैल १.६०९ चा समजून अंतरं कळवत होतो.