जपानी मेपल म्हणून २,८०० रुपयांना मी काय घेतलं

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, ते मी जरा जास्तच मनावर घेतलं. अडीच हजार फुटांवरचं गाव, पावसाळाभर धुकं, मग थंड प्रदेशातलं जपानी मेपलचं झाड का नाही येणार? मोबाईलवर जाहिरात दिसली, ‘दुर्मिळ, नाजूक, कलमी रोप’. जूनमध्ये २,८०० रुपये फोनवरूनच पाठवून मोकळी झाले. घरात १,२०० सांगितले.

कुरिअरनं फूटभर रोप आलं. पानं पंजासारखी, काळपट तांबडी, उन्हात धरली की कोकमाच्या सरबतासारखी दिसायची. विकणारा बोलायला भलताच गोड. "मॅडम, तुमच्याकडं थंडी कमी, तेव्हा कुंडीत बर्फ घालत चला." मी अनगोळच्या अंगणात हिरवं नेट बांधलं आणि नोव्हेंबर लागल्यापासून रोज सकाळी फ्रीजमधला एक ट्रे बर्फ बुंध्याशी ओतू लागले. तोवर रोप माझ्या खांद्याला लागलं होतं. खरं जपानी मेपल वर्षाकाठी जेमतेम फूटभर वाढतं, हे मी वाचलेलं होतं. तरी शंका आली नाही, उलट स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं.

एके दिवशी कडोलीकडून भाजी घेऊन येणारी मावशी पायरीवर टेकली होती. तिनं एक पान तोडलं, चावलं आणि हसत सुटली. "अवो काकू, पुंडीला बर्फ घालालासा व्हय?"

मीही चावून बघितलं. आंबट, आणि चावता चावता बुळबुळीत. पंधरा दिवसांत जास्वंदीसारखं गडद गुलाबी फूल उमललं आणि उरलीसुरली आशा संपली. अगदी आपली भाजीची पुंडी, म्हणजे अंबाडी, नव्हे ती. तिची आफ्रिकेकडची लाल पानांची बहीण. फांदी खोचली तरी जगते, त्यामुळं विकणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य.

ओळखायला सोपं होतं. मेपलची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीनं येतात. माझ्या झाडाची एक इकडं, एक तिकडं. कलमी रोपाच्या बुंध्याशी जोडाची गाठ दिसते. इथं बुंधा गुळगुळीत. आणि मेपल हिवाळ्यात पानं गाळून कित्येक आठवडे चांगल्या कडक थंडीत निजतं. आमच्याकडं पारा १४ वर आला की कानटोप्या निघतात, पण त्या झाडाला ती थंडी पुरत नाही. कुंडीतल्या बर्फानं फांद्यांना काय कळणार? निळ्या पानांच्या मेपलचं बीही असंच विकतात. तसलं झाडच जगात नाही.

फुलाचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, "हवा बदलली म्हणून झाड बदललं." मग नंबर ब्लॉक. मी ऑनलाइन फसवणुकीच्या सायबर हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार केली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. पैसे पाठवल्याची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पार्सलवरचं लेबल, सगळं लागलं. लेबल तर मी फाडून टाकलं होतं. पैसे अजून आलेले नाहीत. आता कुणी महागडं रोप दाखवलं की आधी बुंध्याचा आणि पानांच्या देठांचा जवळून काढलेला व्हिडिओ मागते. दोघांना मागितला, दोघांनीही पाठवला नाही.

नेट काढून टाकलं. मावशी जाताना एक फांदी मोडून घेऊन गेली, बांधावर लावते म्हणाली. त्या दिवशीच्या कोथिंबिरीचे पैसे मात्र तिनं पुरते घेतले.